अंबाड्यावर न बसणारा हेडसेट

बत्तीस वर्षं मी भूगोल शिकवला. एका वर्गात बासष्ट मुलं, खिडकीबाहेर ट्रक, शेजारच्या वर्गात पेटी घेऊन बसलेल्या संगीताच्या बाई. तरी "बाई, ऐकू येत नाही" अशी तक्रार शेवटच्या बाकावरून एकदाही आली नाही. "जरा हळू बोला" अशी विनंती मात्र एकदा आली होती, आणि ती खालच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापकांकडून. त्यामुळे गेल्या महिन्यातल्या एका सोमवारी माझी भाची स्वराली जेव्हा म्हणाली, "मावशी, तुझा आवाज डब्यातून येतोय," तेव्हा मला काय वाटलं असेल ते, ज्यांनी जन्मभर घशावर पगार घेतला त्यांनाच कळेल.

"कसल्या डब्यातून?" मी विचारलं.

"पत्र्याच्या. वर झाकण लावलेलं."

हा आवाज कुठे चालला होता ते सांगणं भाग आहे, आणि सांगताना अजूनही मी आधी दाराकडे बघते. मी मंदाकिनी, वय त्रेसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार विश्रांतवाडी, रोज सकाळी अकरा ते साडेबारा कॉम्प्युटरवर लढाईचा गेम खेळते. स्वरालीने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना मला दिला, खेळही तिनेच शिकवला. चौघींचा एक संघ असतो. तो एका बेटावर उतरतो. त्याच बेटावर आणखी चोवीस संघ उतरतात. मग टेकड्या, ओढे, पडकी घरं यांच्या आडोशाने सगळे एकमेकांच्या जिवावर उठतात आणि शेवटपर्यंत टिकेल तो संघ जिंकतो. थोडक्यात, आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखंच, फक्त निसर्गरम्य.

आमच्या संघात स्वराली; तिची इंजिनीअरिंग कॉलेजातली मैत्रीण तनुजा, ही मांजरी गावची, घरी उसाची शेती; आणि आमच्या वरच्या मजल्यावरची भाग्यश्री. भाग्यश्री आयटीत आहे आणि घरून काम करते. म्हणजे नेमकं काय करते, ते अकरा ते साडेबारा मला तरी माहीत आहे.

मला बंदूक चालवता येत नाही. माझं संधिवाताचं बोट घोड्यावर पोहोचेपर्यंत समोरचा शत्रू जेवून परत येईल. माझं काम नकाशाचं. या तिन्ही मुली हुशार, पण पडद्यावर उत्तर दिशा कुठली विचारलं तर तिघी तीन बोटं दाखवतील. मी कुठेतरी झुडपात लपून नकाशा वाचते आणि सांगते, "ईशान्येला उंचवटा आहे, तो धरा. नैऋत्येच्या घरात कुणीतरी शिरलंय." म्हणजे संघात माझं सगळं भांडवल काय, तर आवाज. आणि त्या सोमवारी तोच बुडाला. मी स्वच्छ म्हटलं होतं, "डावीकडे जाऊ नका!" त्यातलं "नका" माझ्या लॅपटॉपच्या माइकने गिळलं. तिघी आज्ञाधारकपणे डावीकडे गेल्या आणि तिघी मेल्या.

"मावशी," मेल्यावर तनुजा म्हणाली, "तुमी बोलताय ते भारी हाय, पण कळंना झालंय."

एरवी हे चाललं असतं. पण येत्या रविवारी शहरातल्या एका कॉलेजने बायकांच्या संघांची स्पर्धा ठेवली होती. खेळ चालू असताना खेळाडूंचे आवाजही प्रेक्षकांना ऐकवणार होते, म्हणून शुक्रवारी चार वाजता प्रत्येकीच्या आवाजाची तपासणी. जिचा आवाज अस्पष्ट, तिच्या जागी दुसरी खेळाडू.

"मावशी, तू हेडसेट घे ना," स्वराली म्हणाली. "गेमिंगचाच घे, माइक चांगला असतो. दोन-दोन तास घालायचाय, तर दुखणार नाही असा बघ. नाहीतर..." ती थांबली. "नाहीतर हॉस्टेलवर एक मुलगी आहे, ती येईल म्हणते."

ती मुलगी मी पाहिलेली नाही आणि तिचं माझं काही वैर नाही. पण त्या दिवशी भाजी चिरताना ती गवार नसून ती मुलगी आहे असं मला वाटत होतं. शाळा सुटल्यापासून माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. दुधवाला, पेपरवाला, सोसायटी, सगळं आपापलं चालतं. दिवसातले दीड तास मात्र तीन माणसं विचारायची, "मावशी, आता कुठे?" ते विचारणं जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

हेडसेट आणायचा तर एक मोठी अडचण होती. ती म्हणजे आमचे हे. दोन वर्षांपूर्वी यांनी एका वर्तमानपत्राच्या वाचकांच्या सदरात ‘मोबाइल खेळांनी पोखरलेली पिढी’ असं पत्र लिहिलं होतं. ते छापून आलं. यांनी ते कापून, लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावलं. त्या पत्राखालीच बसून मी कशी सांगणार, की अहो, पोखरण घरापर्यंत आली आहे? म्हणून मी सांगितलं होतं, की माझा ऑनलाइन संस्कृत संभाषणाचा वर्ग असतो. हे त्या वेळी वाचनालयात असतात. एक-दोनदा लवकर आले तेव्हा बंद दारातून त्यांना "ईशान्य", "वायव्य", "आग्नेय" असले शब्द ऐकू आले, आणि त्यांचं समाधान झालं.

तेव्हा सल्ला बाहेर घ्यायचा होता. आमच्या खाली नागोराव राहतात. मूळचे हिंगणघाटचे, इथल्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरशेजारी एकोणतीस वर्षं काढली. मी जिन्यात सहज विचारल्यासारखं विचारलं, की कानावर बराच वेळ ठेवायचं काही घ्यायचं तर काय बघावं? ते घरात गेले आणि पिवळ्या रंगाचं, दोन वाट्या जोडल्यासारखं काहीतरी घेऊन आले.

"हे घ्या वहिनी. कारखान्यातलं आहे. एकोणतीस वर्षं मले काहीच ऐकू नाही आलं, इतकं मजबूत काम!"

"पण मला ऐकायचंय, नागोराव. आणि बोलायचंय."

"बोलाच्यासाठी हे कायले लागते?" ते खरोखर गोंधळले. "तुमचं बोलणं तं आम्हाले खाली तसंच येऊन राहिलं."

भाग्यश्रीने वेगळा सल्ला दिला. तिने सांगितलेले सगळे इंग्रजी शब्द मी वहीत उतरवून घेतले, त्यातले दोन माझ्या अक्षरात मलाच नंतर लागले नाहीत. मंगळवारी यांना "रवा संपलाय" असं सांगून मी बस पकडली, मनपाच्या थांब्यावर उतरले आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या तापकीर गल्लीत गेले. रवा आमच्या इमारतीखालच्या दुकानात मिळतो, पण पस्तीस वर्षांच्या संसारात नवरे एवढ्या तपशिलात शिरत नाहीत.

दुकान अरुंद होतं. काउंटरमागे साठीचे एक गृहस्थ कोडं सोडवत बसले होते.

"गेमिंगचा हेडसेट दाखवा. चांगल्या माइकचा."

"नातवाचं वय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नातू नाही. मला हवाय."

आता मान वर झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं, अंबाड्याकडे पाहिलं. "भजनं ऐकायला साधा मिळेल, बाई. तो खालच्या कप्प्यात आहे."

"मला लढाई खेळायची आहे."

"बरं," ते म्हणाले, जणू मी पावशेर खिळे मागितले होते, आणि त्यांनी एक प्रचंड वस्तू काढली. काळी, टोकदार, दोन्ही बाजूंना लाल दिवे. मी ती डोक्यावर चढवली. ती चढेना. हेडसेटचा पट्टा जिथे बसायला हवा, तिथे माझा अंबाडा एकोणीसशे सत्त्याऐंशीपासून बसलेला आहे. पट्टा पुढे सरकवला तर कपाळावर येऊन मी कोळशाच्या खाणीत उतरल्यासारखी दिसत होते. मागे सरकवला तर कानाच्या वाट्या मानेवर.

"अंबाडा काढा," दुकानदार म्हणाले.

"काय म्हणालात?"

"हेडसेटला काढता येण्यासारखं काही नाही. म्हणून म्हटलं."

भर बाजारात अंबाडा सोडायला सांगणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. अपमानाने मला काही सुचेना, आणि न सुचल्यावर माणूस जे करतो तेच मी केलं: ती वस्तू विकत घेतली आणि ताठ मानेने बाहेर पडले. रवा आणायचा राहिला.

बुधवारी सकाळी हे वाचनालयात गेल्यावर मी ते शस्त्र लॅपटॉपला जोडलं. अंबाड्याच्या पुढे, कपाळाच्या किंचित वर ते कसंबसं टेकलं. पहिली पाच मिनिटं स्वर्गीय गेली. मुली ओरडल्या, "मावशी, एकदम क्लिअर!" मग कळलं, की माइक इतका चांगला आहे की तो कुणालाच नाकारत नाही. माझ्या कुकरच्या शिट्ट्या, नागोरावांच्या टीव्हीवरचं शेअरबाजाराचं विश्लेषण, खाली चाललेली "पालक, मेथी, शेपू" ही आरोळी, सगळं बेटावर पोहोचलं. "शेपू कुठून आली?" तनुजाने विचारलं, आणि शत्रूचं ठिकाण समजून स्वरालीने तिकडे गोळ्या झाडल्या.

दहाव्या मिनिटाला माझ्या कुड्या कानाच्या पाळीत रुतायला लागल्या. पंधराव्या मिनिटाला वाट्यांनी चष्म्याच्या काड्या कानशिलात दाबल्या. विसाव्या मिनिटाला डोकं कुणीतरी अडकित्त्यात धरलंय असं वाटू लागलं आणि मी हेडसेट उतरवला. आरशात पाहिलं तर कपाळावर आडवा लाल पट्टा. दुपारी यांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "गंध." संस्कृतच्या वर्गाला हे शोभून दिसलं.

तो हेडसेट शिवणयंत्राच्या झाकणाखाली गेला. दुकानदारांनी तो परत घेणं शक्यच नव्हतं. तशी पाटी मी पाहिली होती, आणि तो माणूसही पाहिला होता. मग भाग्यश्रीने ऑनलाइन दुसरा शोधला. हलका, कापडी गाद्यांचा, आसपासचा गोंगाट गाळून टाकणाऱ्या माइकचा. "काकू, उद्या सकाळी घरपोच!" खरेदीचं खातं आमच्या मुलाने यांच्या नावावर काढून दिलं होतं, म्हणून पार्सलही यांच्या नावानेच मागवलं गेलं. मेसेजही यांच्याच फोनवर येणार होते, पण त्याची भीती नव्हती. हे मेसेज वाचत नाहीत, साठवतात.

गुरुवारी सकाळी दहाला भाग्यश्रीच्या फोनवर दिसलं, की पार्सल पोचलं. आमच्याकडे काही नव्हतं. चौकशीअंती कळलं, की आमच्या सोसायटीच्याच नावाची दुसरी एक सोसायटी धानोरी रस्त्याला आहे, आणि पार्सल तिथल्या फाटकावर आहे. मी रिक्षाने तिथे गेले. फाटकावर संपत नावाचे वॉचमन होते. त्यांच्यापुढे पार्सल होतं आणि पार्सलापुढे रजिस्टर.

"नाव?"

"मंदाकिनी."

"पार्सल श्याम नावाचं हाय."

"ते माझे यजमान."

"कशावरनं?"

पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आधार कार्ड घरी. मंगळसूत्रावर नाव घालायची पद्धत नाही. संपत मात्र मनाने वाईट नव्हते. "असं करू," ते म्हणाले, "सायबास्नी फोन लावू." आणि मी नको म्हणायच्या आत त्यांनी पार्सलवरचा नंबर लावला, तोही स्पीकरवर.

"हॅलो," यांचा वाचनालयातला दबका आवाज आला.

"साहेब, तुमचं हेडसेटचं पार्सल आलंय. एक बाई आल्याती, म्हनत्यात तुमची मिसेस हाय."

"आम्ही असलं काहीही मागवलेलं नाही," हे म्हणाले. "माझी पत्नी या वेळी घरी संस्कृत शिकत असते. हे फसवणुकीचं प्रकरण दिसतंय. त्या बाईंना जाऊ देऊ नका. मी येतो."

संपतनी फोन ठेवला आणि मला प्लॅस्टिकची खुर्ची दिली. ती आदराने दिली की बंदोबस्तासाठी, हे मी विचारलं नाही. अर्धा तास मी फाटकाशी बसून होते. येणारी-जाणारी माणसं संपतना खुणेने विचारत आणि संपत खुणेने सांगत. तेवढ्यात लहान मुलीला शाळेतून घेऊन एक तरुण बाई आली आणि थबकली.

"बाई! मी सलोनी. दहावी ब. तुम्ही इथे कशा?"

"पार्सल लांबवल्याच्या संशयावरून बसले आहे," मी म्हटलं. "तू कशी आहेस?"

तिला हसावं की घाबरावं ते कळेना. तिने मुलीला माझ्या पाया पडायला लावलं, आणि त्यामुळे संपत थोडे विचारात पडले.

हे स्कूटरवरून आले. हेल्मेट काढलं. पार्सलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पार्सलाकडे पाहिलं. "तू?"

मग मला सगळं सांगावं लागलं. बेट, नकाशा, रविवारची स्पर्धा. फाटकावर, उन्हात, संपतच्या साक्षीने. संपत मधूनमधून मान डोलवत होते. माझं सांगून झाल्यावर यांनी हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"म्हणजे त्या दिवशी ‘वायव्येकडून दोघे येताहेत, लपा’ म्हणत होतीस, ते..."

"संस्कृत नव्हतं."

"‘लपा’वरून मला शंका आलीच होती," हे म्हणाले.

त्यांनी रजिस्टरवर सही केली. त्यात ‘नाते’ असा एक रकाना होता. तिथे पेन क्षणभर थांबलं, मग त्यांनी ‘पती’ असं लिहिलं. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. मला ओरडा परवडला असता. तो लॅमिनेट केलेला कागद आता अंगावर पडेल, असं वाटत राहिलं.

घरी आल्यावर, आता लपवायचं काय राहिलं म्हणून, मी यांच्या समोरच नवा हेडसेट लावला. भाग्यश्री वरच्या मजल्यावर आपल्या लॅपटॉपशी बसली. हा खरंच हलका होता. कपाळावर टेकला तरी दुखत नव्हता. कुकर लावला, शिट्टी झाली, भाग्यश्रीला ऐकू गेली नाही. नागोरावांचा टीव्ही गेला नाही. मीही गेले नाही.

मी पाच मिनिटं बोलले. ती लिहून पाठवत होती, ‘काकू, बोला ना.’ शेवटी ती जिना उतरून खाली आली आणि बरीच चाचरत म्हणाली, "काकू, राग मानू नका. हा माइक ना, सारखा एकाच पट्टीत चालणारा आवाज गाळतो. म्हणजे पंखा, मिक्सर, एसी वगैरे."

"मग?"

"तुमचा आवाज... म्हणजे छानच आहे, पण तो एका पट्टीत..."

बत्तीस वर्षं! ज्या आवाजात मी मुलांना वारे, पठारं, समुद्रप्रवाह शिकवले, तो एका यंत्राने ऐकला आणि ठरवलं, की हा मिक्सर आहे.

परत करावा म्हणून ग्राहक सेवेला फोन केला. मूळ खोकं असेल तरच परत घेऊ, असं त्यांनी अतिशय गोड आवाजात सांगितलं. त्यांचा माइक उत्तम होता. खोकं मी तासाभरापूर्वी सुक्या कचऱ्यात, कचरा नेणाऱ्या गोदाबाईंना दिलं होतं. धावत खाली गेले, तर गोदाबाई म्हणाल्या, "लई चांगलं खोकं होतं बाई, म्हनून पायानं दाबून चपटं केलं." त्यांनी ते चपटं मला परत दिलं, मनापासून.

चपटं खोकं घेऊन मी वर आले, गॅलरीत बसले आणि स्वरालीला फोन लावला. "तुझ्या हॉस्टेलवरच्या मुलीला सांग. उद्याच्या तपासणीला तीच बसू दे." मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "नक्की ना, मावशी? बरं. मी उद्या दुपारपर्यंत थांबते, मग तिचं नाव देते." एवढं ऐकून मी फोन ठेवला आणि चष्मा पुसत बसले. चष्म्याला काही झालं नव्हतं.

"किती तास घालायचा असतो?" मागून आवाज आला. हे दारात उभे होते.

"काय?"

"हेडसेट. सलग किती तास?"

"दोन."

"आमच्या मुली आठ तास घालायच्या," हे म्हणाले.

आता एक गोष्ट मला इथे कबूल केली पाहिजे, आणि ती हेडसेटपेक्षाही जड आहे. माझा नवरा टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं होता. त्यातली अकरा वर्षं एक्स्चेंजमध्ये, ऑपरेटर मुलींच्या हॉलचा सुपरवायझर. ट्रंक कॉल जोडणाऱ्या चाळीस मुली, चाळीस हेडसेट, आणि कुणाचा कान दुखला, कुणाचा आवाज पलीकडे पोहोचत नाही, या तक्रारी ऐकायचं काम यांचं. मी नागोरावांना विचारलं, भाग्यश्रीला विचारलं, तापकीर गल्लीतल्या त्या कोडं सोडवणाऱ्या गृहस्थांना विचारलं. यांना मात्र रव्याचं सांगितलं.

शुक्रवारी साडेदहाला आम्ही त्याच दुकानापुढे उभे होतो. तिथे जायला मी तयार नव्हते, पण हे म्हणाले, "त्याच्याकडे माल बराच आहे. अपमान तू मनावर घेऊ नकोस, तो बिलात धरत नाहीत."

"परत नाही," दुकानदार मला बघताच म्हणाले.

"परत करायला आलो नाही," हे म्हणाले. "आणखी घ्यायला आलोय. वजन किती, ते सांगा."

"कुणाचं?"

"हेडसेटचं."

दुकानदारांनी कोडं बाजूला ठेवलं. त्यानंतरचा पाऊण तास मी स्टुलावर बसून होते आणि दोन निवृत्तीच्या वयाचे पुरुष माझ्या डोक्यावर प्रयोग करत होते. हे गाद्यांना अंगठ्याने दाबून बघत. पट्टा ताणून सोडत आणि किती झटकन मिटतो ते बघत. "हा दोन तासांत डोकं धरेल." "हा वाकवला तर माइक खाली पडतो." "हा नको, हा दिवाळीचा आकाशकंदील आहे." शेवटी एक साधा, राखाडी, दिवे नसलेला हेडसेट निघाला. कानाभोवती पूर्ण बसणाऱ्या मऊ कापडी गाद्या, डोक्यावर कडक पट्ट्याऐवजी सैल कापडाची झोळी, आणि वळवू तसा वळणारा माइक.

"घालून वीस मिनिटं बसेल ती," हे म्हणाले.

"नाटकाचं तिकीट काढलंय का?" दुकानदारांनी विचारलं.

"नाही. पण तुम्ही कोडं सोडवा, आम्ही अडथळा आणत नाही. ‘वाळवंटातील हिरवळ’ म्हणजे ओअॅसिस नाही, मरूद्यान."

दुकानदारांनी ते लिहिलं. मग बसायची परवानगी आपोआप मिळाली.

अंबाड्याचा प्रश्न होताच. मी त्या दोघांकडे पाठ केली, काटे काढले आणि तिथेच वेणी घातली. कुड्या पर्समध्ये टाकल्या. चष्म्याच्या काड्या यांनी गाद्यांच्या वरून घ्यायला सांगितल्या. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. काही दुखेना. मला तर जरा डुलकी लागली.

घरी येऊन जेवणं झाल्यावर यांनी माइक वळवला. ओठांसमोर नाही, ओठाच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतरावर. "समोर धरला की श्वास आपटतो. आता बोल."

"ईशान्येला उंचवटा आहे," मी म्हटलं.

हे दचकून मागे सरले. "अगं, ओरडतेस कशाला?"

"मी ओरडत नाही. मी बोलतेय."

"ट्रंक कॉलवर लोक असेच बोलायचे. समोरचा नागपूरला आहे, तर आवाज नागपूरपर्यंत आपणच पोहोचवायचा, असं समजून. ओरडलं की माइक गुदमरतो आणि शब्द तुटतात. एका पट्टीत ओरडलं तर यंत्राला तो आवाजच वाटत नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतेस तसं बोल."

मी आठवून पाहिलं, शेजारी बसलेल्या माणसाशी मी कशी बोलते. शेजारी बसलेला माणूस माझ्याकडे शांतपणे बघत होता.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"कधी?" हे म्हणाले. "बोलण्यात मधे जागा कुठे होती?"

मला राग यायला हवा होता. पण घड्याळात तीन वाजले होते आणि राग करायला वेळ नव्हता. स्वरालीला कळवलं की नाव बदलू नकोस. तासभर मी हळू बोलायचा सराव केला. बत्तीस वर्षांची सवय तासात जात नाही. पण प्रत्येक वेळी आवाज चढला की हे तळहात खाली दाबून खूण करत, ऑर्केस्ट्रावाल्यासारखी.

चार वाजता कॉलेजचा तपासनीस पडद्यावर आला. गळ्यात ओळखपत्र, चेहरा गंभीर. "आजी, खेळाडूला बसवा ना समोर."

"मीच खेळाडू."

त्याने कागद चाळले. "जन्मसाल?" मी सांगितलं. तो थोडा वेळ काहीतरी खाली-वर करत राहिला. "आमच्या फॉर्मवर साल पंच्याहत्तरपासून सुरू होतं. तुमचं सालच नाहीये."

"ते होतं," मी म्हटलं. "मी तेव्हा जन्मले."

त्याने कुणाला तरी फोन लावला, त्या कुणीतरी आणखी कुणाला. यादीत साल घालायचं तर संगणक विभागाची परवानगी लागते, आणि तिथले सर चार वाजता चहाला जातात. वीस मिनिटं मी हेडसेट घालून तशीच बसले; वाट बघत बसण्याच्या खेळात तीन दिवसांत मी बरीच तयार झाले होते. शेवटी त्यांनी माझं साल रिकामं ठेवलं आणि पुढे शेरा मारला, ‘पात्र. वय जास्त.’ मग त्याने वाचायला चार ओळी दिल्या. मी वाचल्या, शेजारी बसलेल्या माणसाला वाचून दाखवाव्या तशा. शेजारी माणूस बसलेलाच होता.

"आवाज स्पष्ट," तपासनीस म्हणाला, आणि पुढच्या नावाकडे वळला.

दोनच शब्द. पण माझे खांदे इतके खाली आले, की सोमवारपासून मी ते वर धरले होते, हे तेव्हा मला कळलं.

रविवारी आम्ही दोन तास खेळलो. कुकर लावला नाही. हे जिन्यात खुर्ची टाकून बसले आणि बेल वाजवायला येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून परत पाठवत होते. नागोरावांनी टीव्ही बंद ठेवला आणि दर दहा मिनिटांनी खालून विचारलं, "जित्ल्या का वहिनी?" जिंकलो नाही. पंचवीस संघांत तिसऱ्या आलो. शेवटच्या टेकडीवर तनुजा आणि मी दोघीच उरलो होतो, आणि मी तिला कुजबुजत ओढ्याच्या काठाने पुढे नेत होते. ती म्हणाली, "मावशी, तुमी कानातच बसलाय जनू." मग आम्हाला कुणीतरी मागून मारलं. मागे माझं लक्ष नव्हतं; ती चूक माझीच.

खेळ संपला. मुली एकमेकींत बडबडत होत्या, कोण कुठे चुकलं, कुणी काय करायला हवं होतं. मी ऐकत बसले होते. हेडसेट काढायचा असतो हे माझ्या लक्षातच आलं नाही. डोक्यावर काही आहे, असं वाटतच नव्हतं. हे चहा घेऊन आत आले. पडद्यावर खेळ संपलेला दिसला, तेव्हा मीही मोकळी झाले असं त्यांना वाटलं असावं. कप ठेवला आणि हळूच म्हणाले, "मंदा, दार किलकिलं ठेवून सगळं ऐकलं मी. एकदाही आवाज चढला नाही. फार छान बोलतेस तू. अशी रोज बोललीस, तर मी वाचनालय सोडून देईन."

माझा माइक चालूच होता. बेटावरून तीन मुलींचं हसू फुटलं, आणि त्यातून भाग्यश्रीचा आवाज आला, "काका, अगदी स्वच्छ ऐकू आलं!"

यांच्या कानांपर्यंत ते पोहोचलं नाही, पण माझा चेहरा पाहून त्यांना सगळं समजलं. ते लाल झाले. कपाखालची बशी उगाच सरळ केली आणि जिन्यातली खुर्ची आत आणायला निघून गेले.

"मावशी," स्वरालीने विचारलं, "उद्या अकराला आहेस ना?"

"आहे," मी म्हटलं. हळूच म्हटलं, आणि तिघींनी ऐकलं.